बाकीच्या गाढवांचे काय झाले?

दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा दिवस हा शाळेत अभ्यासाचा दिवस नव्हेच. सहामाहीचे पेपर संपलेले असतात, फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूने पणती काढलेली असते, आणि मुलांचे सारे लक्ष घंटेकडे लागलेले असते. अशा दिवशी पोरांना वर्गात बसवून ठेवायचे तर गोष्टच हवी. गेल्या वर्षी मी आमच्या सहावीच्या वर्गाला गोष्ट सांगण्याऐवजी दाखवली. खिडक्यांवर सतरंज्या टाकून अंधार केला, शाळेला मिळालेला प्रोजेक्टर भिंतीवर रोखला, आणि वॉल्ट डिस्ने यांचा १९४० सालचा ‘पिनोकिओ’ हा कार्टून-चित्रपट सुरू केला.

संवाद इंग्रजी. मी मधूनमधून चित्रपट थांबवून मराठीत सांगत होते. पण फारसे सांगावे लागले नाही. लाकडी बाहुल्याचे नाक खोटे बोलताच लांब होऊ लागले, तेव्हा हसायला कुणालाही भाषा लागली नाही. पुढे शाळा चुकवून मौजेच्या बेटावर गेलेल्या उनाड मुलांना कान फुटले, शेपट्या फुटल्या, त्यांची गाढवे झाली, तेव्हा वर्ग असा चिडीचूप झाला की बाहेरच्या नळाची धार ऐकू येत होती. शेवटी बाहुल्याचा खराखुरा मुलगा झाला आणि पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, त्या बाकीच्या पोरांचं काय झालं?”

“कोणत्या रे?”

“ती गाढवं झालेली. हा एकटाच पळून आला. बाकीची तिथंच राहिली का?”

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात घंटा झाली आणि तिने माझी अब्रू राखली. पोरे दप्तरे घेऊन उधळली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. चकल्या तळताना, आकाशकंदिलाला झिरमिळ्या लावताना तो डोक्यात घोळत राहिला. मग मी म्हटले, जाणत्या माणसांनी या चित्रपटाविषयी काय काय म्हणून ठेवले आहे ते तरी पाहावे. पाहू लागले, आणि त्यातून जी हकीकत हाती आली ती चित्रपटाइतकीच चढउतारांची निघाली. तीच आज या फराळाच्या ताटाशेजारी वाचकांपुढे ठेवते आहे.

गोष्ट मुळात अमेरिकेची नव्हे, इटलीची. फ्लॉरेन्स शहरात १८२६ साली जन्मलेल्या कार्लो लोरेन्झिनी या लेखकाने ती लिहिली. कोलोदी हे त्याच्या आईचे गाव. तेच त्याने टोपणनाव म्हणून घेतले. १८४८ आणि १८५९ या दोन्ही वेळी तो इटलीच्या स्वातंत्र्यासाठी स्वयंसेवक म्हणून लढायला गेला होता. देश एक झाला, आणि १८७७ साली तिथे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करणारा कायदाही आला. कायदा आला म्हणून गरिबाचे पोर लगेच शाळेत आले असे मात्र कुठे होत नाही, तसे ते इटलीतही झाले नाही. कोलोदी या काळात मुलांसाठी शाळेची पुस्तके लिहीत होता. शाळा, भूक आणि गरिबी यांचा झगडा त्याच्या डोळ्यांपुढे चालू होता. त्याच्या बाहुल्याचा बाप जेपेत्तो पोराला पाटीपुस्तक घ्यायला अंगावरचा कोट विकतो, तो उगाच नव्हे.

१८८१ च्या जुलै महिन्यात रोमच्या एका मुलांच्या साप्ताहिकात ‘एका बाहुल्याची गोष्ट’ क्रमशः येऊ लागली. आणि गंमत अशी, की पंधराव्या प्रकरणात कोलोदीने आपल्या नायकाला सरळ फासावर लटकवून गोष्ट संपवून टाकली! कोल्हा आणि मांजर हे दोन ठक पिनोकिओला झाडाला टांगतात, त्याचा जीव जातो, समाप्त. व्रात्य पोराची कथा अशीच संपायची, असे लेखकाला वाटले असावे. पण बालवाचकांना ते मुळीच पटले नाही. त्यांची नाराजी साप्ताहिकाच्या कचेरीपर्यंत पोहोचली. संपादक फेर्दिनांदो मार्तिनी यांनी लेखकाच्या मागे तगादा लावला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पिनोकिओ पुन्हा जिवंत होऊन चालू लागला. १८८३ मध्ये गोष्ट पुरी झाली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली.

म्हणजे या कथेचे पहिले परीक्षण मुलांनीच केले, आणि ते इतके खणखणीत होते की मेलेला नायक उठून बसला. पुढे मोठमोठ्या समीक्षकांनी पिनोकिओवर लिहिले. पण लेखणीच्या एका फटक्याने कथेचा शेवट बदलण्याचे भाग्य त्यांतल्या कुणाला लाभले नाही.

आता अर्धशतक ओलांडून अमेरिकेत येऊ. १९३७ च्या डिसेंबरात डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा कार्टून-चित्रपट झळकला. तो तयार होत असताना चित्रपट-धंद्यातली माणसे त्याला ‘डिस्नेचा खुळेपणा’ म्हणून हसत होती. दीड तास चित्रे पाहत कोण बसणार, हा त्यांचा सवाल. लोक बसले, नुसते बसले नाहीत, सात बुटक्यांपुढे डोळे पुसत बसले. पैशाचा पाऊस पडला. आणि मग जे कोणत्याही पहिलटकर यशानंतर होते तेच झाले. पुढचे बाळ पहिल्याहून सरस हवे, असा हट्ट घरातही सुरू झाला आणि दारातही.

ते पुढचे बाळ म्हणजे ‘पिनोकिओ’. पण काम सुरू होऊन काही महिने झाले नाहीत तोच, १९३८ च्या जूनमध्ये, डिस्ने यांनी ते थांबवले. पडद्यावरचा बाहुला पुस्तकासारखाच लाकडी, उद्धट आणि ताठर दिसत होता. त्याच्यावर जीव जडेना. तेव्हा मिल्ट काल नावाच्या तरुण चित्रकाराने युक्ती काढली. त्याने बाहुला विसरून आधी एक गोड मुलगा काढला आणि मग त्याच्या कोपरा-गुडघ्यांना लाकडी सांधे बसवले. बाहुला एकदम जिवंत झाला. पुस्तकात पिनोकिओला उपदेश करणारा एक किडा आहे. बाहुला चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून त्याचा निकाल लावतो. डिस्ने यांनी त्या किड्याला जिवंत ठेवले, छत्री-टोपी दिली, आणि बाहुल्याची सदसद्विवेकबुद्धी म्हणून शेवटपर्यंत त्याच्यासोबत धाडले. वॉर्ड किंबल या चित्रकाराने तो रंगवला आणि पुढे तो नायकाहूनही लाडका झाला.

कारागिरीची तर शर्थ होती. जेपेत्तोच्या दुकानातली घड्याळे नुसती कागदावर काढली नाहीत. चित्रकारांना नीट पाहता यावीत म्हणून तसल्या वस्तूंचे नमुने घडवले गेले. काचेच्या एकाखाली एक ठेवलेल्या तावदानांवर चित्राचे निरनिराळे थर रंगवायचे आणि वरून कॅमेरा खाली सरकवत न्यायचा, असे एक यंत्र डिस्ने यांच्याकडे होते. त्याने पडद्यावरच्या सपाट चित्राला खोली येई. पिनोकिओच्या गावातली सकाळ या यंत्राने अशी टिपली आहे की आपण पाखरू होऊन कौलांवरून गल्लीत उतरतो आहोत असे वाटते. आमच्या वर्गातली पोरे त्या दृश्याला मान वाकवून पाहत होती! एवढ्या सगळ्याला सुमारे २६ लाख डॉलर खर्च आला. ‘स्नो व्हाइट’ला सुमारे १५ लाख लागले होते.

७ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूयॉर्कच्या सेंटर थिएटरात पहिला खेळ झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून स्तुतीचा वर्षाव सुरू झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे परीक्षक फ्रँक न्यूजंट यांनी निकाल दिला, की डिस्ने यांचे हे आजवरचे सर्वोत्तम काम आहे आणि म्हणूनच आजवरचा सर्वोत्तम कार्टून-चित्रपटही हाच. ‘न्यूयॉर्क पोस्ट’चे आर्चर विन्स्टन यांनी लिहिले, की ‘स्नो व्हाइट’मध्ये जे दोष होते ते इथे उरलेलेच नाहीत. रेषा, रंग, पाण्याखालचा प्रवास, अजस्र देवमाशाचा पाठलाग, सगळ्यांची वाहवा झाली. पुढच्या वर्षी उत्तम संगीत आणि उत्तम गीत या दोन्हींची ऑस्कर पारितोषिके या चित्रपटाने पटकावली.

या परीक्षणांचा सूर पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. जो तो ‘पिनोकिओ’ला ‘स्नो व्हाइट’शेजारी उभा करून उंची मोजत होता. ते मोजणे खोटे नव्हते. कारागिरीत धाकटा थोरल्याहून खरोखरच उंच होता. पण माणसे कारागिरीसाठी रांगेत उभी राहत नाहीत. जीव लागला तर राहतात. आणि हा चित्रपट जीव लावतो त्याहून अधिक जीव टांगणीला लावतो. त्यात प्रेमकथा नाही, लग्नाचा शेवट नाही. एकामागून एक येणारी माणसे पोराला फसवतात, पिंजऱ्यात कोंडतात, विकतात. तिकीट-खिडकीला हे गणित परीक्षकांहून वेगळे सुटले. पहिल्या फेरीत ‘पिनोकिओ’चा खर्चही भरून निघाला नाही.

अर्थात सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली आणि युरोप पेटला. ‘स्नो व्हाइट’ने ज्या देशांतून रग्गड पैसा आणला होता, त्या देशांची दारे एकेक करून बंद झाली. इटलीच्या बाहुल्याला इटलीतच जाता येईना! खुद्द लेखकाचे पुतणे पाओलो लोरेन्झिनी यांनी तर इटलीच्या सरकारकडे तक्रार नेली होती, की आमच्या इटालियन पोराला डिस्ने यांनी अमेरिकन करून टाकले आहे, त्यांच्यावर खटला भरा. तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. कोलोदीचा पिनोकिओ भुकेला, तोंडाळ, लाथा झाडणारा. डिस्नेचा भोळा आणि गोंडस. इटालियन प्रेक्षकांना तो प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो युद्ध संपल्यावर, १९४७ साली.

तोवर डिस्ने यांच्या घरातच वादळ येऊन गेले होते. १९४० च्या एप्रिलमध्ये कंपनीचे भाग लोकांना विकावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ‘फँटेसिया’नेही पैसे अडकवले. पगार आणि नोकऱ्या यांवरून कुरबुर वाढली आणि १९४१ च्या मे महिन्यात चित्रकारांनी संप पुकारला. त्या संपाचा एक पुढारी होता आर्ट बॅबिट. वाचकहो, हा बॅबिट कोण, तर ज्याने पडद्यावरचा जेपेत्तो हालताबोलता केला तो! बाहुल्याला माया लावणाऱ्या म्हाताऱ्या बापाचे हात ज्याच्या हातांतून उतरले, त्यालाच कामावरून काढले होते. संप पेटला तो त्यावरूनच. क्रूर बाहुलीवाला स्ट्रॉम्बोली रंगवणारा बिल टायट्लाही त्याच्या बाजूने संपात उतरला. परीक्षकांनी ज्या हातांची स्तुती केली होती, ते हात दीड वर्षाच्या आतच फाटकाबाहेर पाट्या घेऊन उभे होते. स्तुतीने पोट भरत नाही, हे कलावंतांना कळायला वेळ लागत नाही.

मग हा चित्रपट तरला कसा? पुन्हा मुलांनीच तारला. १९४५ मध्ये तो पुन्हा झळकला. पुढे १९५४, १९६२, १९७१ असा काही वर्षांच्या अंतराने येत राहिला. दर वेळी नवी पोरे आली, आणि त्यांना घेऊन जी आईबापे आली ती मागच्या खेळाची पोरेच होती. बुडीत खात्यातला पैसा हळूहळू वर आला. युद्ध, तोटा, संप सारे मागे पडले आणि चित्रपट तेवढा उरला. १९९४ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या चित्रपटांत त्याची निवड केली. २००८ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने उत्तम कार्टून-चित्रपटांची यादी केली, तेव्हा पहिला ‘स्नो व्हाइट’ आणि दुसरा ‘पिनोकिओ’ लागला. न्यूजंट यांचा निकाल पुरता टिकला नाही. पण एका क्रमांकाने चुकणे म्हणजे फार चुकणे नव्हे.

असा हा सगळा इतिहास मी वाचला आणि माझ्या सुटीचे दिवस संपत आले. पण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते. जी परीक्षणे मी वाचली त्यांत गाढवांच्या प्रसंगाचा दरारा बहुतेकांनी मान्य केला आहे. पिनोकिओचा सोबती लॅम्पविक आईला हाक मारता मारता खिंकाळू लागतो, तो प्रसंग लहान मुलांना दाखवावा का, अशी शंकाही घेतली गेली आहे. पण त्या पोरांना सोडवायला कुणी परत का गेले नाही, हा प्रश्न मला त्यांत आढळला नाही. चित्रपटात कुणी जात नाही हे तर खरेच. मुलांना गाडीत भरून नेणारा तो गाडीवान शेवटपर्यंत मोकळा राहतो. बाहुल्याला बक्षीस मिळते; बाकीची पेट्यांत भरून खाणीत आणि सर्कशीत रवाना होतात.

अलीकडे एकाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाती घेतला. २०२२ साली दोन नवे ‘पिनोकिओ’ आले. डिस्ने कंपनीनेच केलेल्या नव्या आवृत्तीचे परीक्षकांनी थंडपणे स्वागत केले. दुसरा गिएर्मो देल तोरो आणि मार्क गस्टाफसन यांचा. त्यांनी गोष्ट मुसोलिनीच्या इटलीत नेली आणि मौजेच्या बेटाच्या जागी पोरांना सैनिक बनवणारी छावणी आणली. तिथे गाढवे होत नाहीत, शिपाई होतात. परीक्षकांनी तो उचलून धरला आणि २०२३ साली त्याला ऑस्कर मिळाले.

पण सगळ्यांत खरे उत्तर निघाले मूळ पुस्तकातच, अगदी शेवटी. पुस्तकात लॅम्पविकचे नाव लुचिन्योलो, म्हणजे दिव्याची वात. काडीसारखा बारीक म्हणून पोरांनी ठेवलेले नाव. आपण त्याला वात्या म्हणू. पुस्तकात पिनोकिओसुद्धा पुरता गाढव होतो, सर्कशीत लंगडा होतो, विकला जातो आणि मोठ्या हालांनंतर सुटतो. आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून तो एका माळ्याकडे जातो. माळी म्हणतो, विहिरीवरचा रहाट फिरवून शंभर बादल्या पाणी काढ, मग दूध देतो. हे काम आजवर त्याचे गाढव करी. ते आता मरायला टेकले होते. पिनोकिओ गोठ्यात डोकावतो आणि ओळखतो. तो वात्याच असतो. गाढवाच्या बोलीत कसेबसे आपले नाव सांगून तो प्राण सोडतो. पिनोकिओ मूठभर गवताने डोळे पुसतो. हा माझ्या वर्गातला होता, म्हणतो. माळी खो खो हसतो: वर्गात गाढवे होती तर मग शिक्षण काय झकास झाले असेल!

हे वाचताना माळ्याच्या त्या हसण्यापाशी मी अडखळले. कारण ते हसणे माझ्या ओळखीचे होते. इटलीच्या शाळांतही ढ पोराला गाढव म्हणत. आपल्या शाळांत तर तो शब्द खडूइतकाच सढळ हाताने वापरला जातो. बावीस वर्षांत मी तो किती पोरांना लावला असेल!

दिवाळी झाली, शाळा उघडली. पटावर अकरा मुले कमी होती. दरवर्षीचेच ते. आमच्या भागात दसरा-दिवाळीला मुकादमाच्या टोळ्या उसाच्या फडांवर निघतात. उचल घेतलेली आईबापे रात्रीच्या ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी भरतात, आणि भांड्यांबरोबर पोरेही जातात. ती काही मौजेला जात नाहीत, उनाड म्हणून तर नाहीच नाही. शेवटच्या बाकावर आता तो एकटाच बसला होता. त्याच्या शेजारचा तर सहामाहीच्याही आधीच गेला होता. तेव्हा कुठे मला कळले, की पोराने प्रश्न विचारला तो डिस्नेसाहेबांना नव्हता.

मी ते प्रकरण वर्गाला वाचून दाखवले, जसेच्या तसे, वात्या मरतो तिथपर्यंत. वाटले होते पोरे खट्टू होतील. शेवटच्या बाकावरचा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “म्हणजे निदान भेटला तरी.”

न्यूजंट आणि विन्स्टन यांच्याविषयी मला आदर आहे. पण १८८१ सालच्या त्या इटालियन पोरांनी आणि आमच्या या पोराने जे परीक्षण केले ते मला अधिक जवळचे वाटते. त्यांनी उंची मोजली नाही. कोण मागे राहिले ते मोजले. कारखान्यांचा हंगाम संपला की टोळ्या परत येतात, तेव्हा बरेचदा वार्षिक परीक्षा होऊन गेलेली असते. पटावरची ती अकरा नावे मी खोडलेली नाहीत. रोज हजेरीला ती घेते. उत्तर येत नाही, पण शेवटच्या बाकावरून कुणीतरी दर वेळी सांगते, “बाई, तो येणार आहे.”